पाणबुडीतलं इंजिन आगगाडीत कसं आलं? मोठ्या डिझेल इंजिनांबद्दल बोलूया

लोहचक्र

१९३४ च्या मे महिन्यात 'पायोनियर झेफर' ही स्टेनलेस स्टीलची डिझेल गाडी पहाटे डेन्व्हरहून निघाली आणि वाटेत कुठेही न थांबता १३ तास ५ मिनिटांत शिकागोला पोचली. अंतर १,०१५ मैल, म्हणजे साधारण १,६३३ किलोमीटर. सरासरी वेग ताशी १२५ किलोमीटरच्या घरात. वाफेच्या इंजिनाला पाणी भरायला ठिकठिकाणी थांबावंच लागायचं, त्यामुळे या एका दिवसाने अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांचे डोळे उघडले.

हे ज्या इंजिनामुळे जमलं, त्या आठ सिलिंडरच्या ६०० अश्वशक्तीच्या विन्टन २०१-ए इंजिनामागे जोर होता तो अमेरिकी नौदलाचा. त्यांना पाणबुडीसाठी हलकं, अरुंद आणि तरीही दमदार डिझेल हवं होतं. पाणबुडीचं पोट गोल आणि चिंचोळं. लोकोचंही, म्हणजे गाडी ओढणाऱ्या रेल्वे इंजिनाचंही, तेच: बोगदे, पूल आणि फलाट यांनी ठरवून दिलेल्या मापाबाहेर एक इंचही जाता येत नाही. म्हणजे दोन अगदी वेगळ्या गिऱ्हाइकांची मागणी एकच निघाली.

पण नौदल शांततेच्या काळात पाणबुड्या घेणार किती? चार-सहा इंजिनांवर कारखाना चालत नाही. रेल्वे मात्र एकदा पटलं की शेकड्याने इंजिनं घेते आणि रोज राबवते. १९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सच्या दालनाला वीज पुरवायला दोन २०१ इंजिनं लावली होती. ती रोज काही ना काही कुरकुर करत आणि तंत्रज्ञ रात्रभर बसून ती पुन्हा उभी करत. तिथेच बर्लिंग्टन रेल्वेचे अध्यक्ष राल्फ बड यांच्या मनात हे इंजिन भरलं.

पुढे १९३८ मध्ये त्याच घराण्यातलं ५६७ आलं. हा आकडा म्हणजे एका सिलिंडरचं आकारमान घन इंचांत, जवळपास ९.३ लिटर. त्याचा १६ सिलिंडरी, १,३५० अश्वशक्तीचा प्रकार एफटी मालगाडी लोकोत बसला. १२ सिलिंडरी प्रकार दुसऱ्या महायुद्धात एलएसटी जहाजांत, म्हणजे रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणाऱ्या जहाजांत, जोडीने बसला. अशी हजारावर जहाजं बांधली गेली. नौदलाने पेरलं, रेल्वेने वाढवलं आणि युद्धात नौदलाने कापणी केली.

माझं म्हणणं एवढंच आहे: युद्धनौकेतलं चांगलं मध्यम गतीचं डिझेल हे बहुतेक वेळा रुळांवर घासून-पुसून तयार झालेलं असतं. रेल्वेइतकी निर्दय चाचणी दुसरी नाही. जाणकारांनी भर घालावी, पटत नसेल तर खोडून काढावं.

अरबी_वारा

वाचनखूण साठवली. एफटी लोकोबद्दल वाचलं होतं, एलएसटीचा धागा माहीत नव्हता. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

नवशिकी

छान धागा. एक अगदी प्राथमिक शंका. जहाजात इंजिनाचा दांडा सरळ पंख्याला जोडता येतो असं ऐकलंय. मग लोकोत इंजिन थेट चाकांना का जोडत नाहीत? मध्ये जनरेटर आणि मोटरी कशाला?

लोहचक्र

@नवशिकी, प्रश्न प्राथमिक नाही, सगळं घोडं तिथेच अडलं होतं. डिझेल इंजिन शून्य फेऱ्यांवर काहीच जोर देत नाही. त्याला आधी स्वतः फिरत राहावं लागतं. जहाजाच्या पंख्याला हे चालतं, कारण पाणी सुरुवातीला फारसा विरोध करत नाही. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेऱ्या निम्म्या केल्या तर शक्ती एक अष्टमांश लागते. म्हणजे इंजिन हळू असताना त्याच्यावर ओझंही नगण्य.

गाडीचं बरोबर उलट. सगळ्यात जास्त ओढ लागते ती चाक जागचं हलण्याआधी. १९१२ साली सुल्झर कंपनीने डिझेल थेट चाकांना जोडलेला लोको बांधून पाहिला. गाडी हलवायला दाबाची हवा सिलिंडरमध्ये सोडायची आणि वेग आला की डिझेल पेटवायचं. तो चाचण्यांपलीकडे गेला नाही. जनरेटर आणि मोटरी मध्ये घातल्यावर इंजिन आपल्या सोयीच्या फेऱ्यांवर फिरायला मोकळं झालं.

आता गंमत अशी की पाणबुडीलाही हीच रचना हवी असते. इंजिनाने जनरेटर फिरवायचा, विजेने बॅटऱ्या भरायच्या आणि मोटर चालवायची. त्यामुळे लोकोचं इंजिन-जनरेटर जोडकाम आणि पाणबुडीचं जोडकाम यात मूळ फरक राहिलाच नाही.

जर्मनांनी मात्र विजेऐवजी तेलावर चालणारी हायड्रॉलिक जोडणी लोकोत वापरली आणि ती उत्तम चालवली. त्यावर कोणीतरी वेगळं लिहायला हवं.

दर्यावर्दी

धागा आवडला, पण मुख्य मुद्दा मला मान्य नाही. माझं आयुष्य जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेलंय. नौदलाची चाचणी रेल्वेपेक्षा सोपी आहे असं म्हणणं म्हणजे फक्त चालू तास मोजणं झालं.

पाणबुडी पाण्याखालून स्नॉर्ट करते तेव्हा काय होतं ते बघा. फक्त एक नळी पाण्याबाहेर असते. त्यातून हवा आत येते आणि इंजिन ती ओढतं. लाट आली की नळीच्या तोंडावरची झडप बंद होते. इंजिन थांबत नाही, ते बोटीच्या आतलीच हवा खायला लागतं. आतला दाब झपकन उतरतो, सगळ्यांच्या कानांना दडे बसतात, आणि झडप उघडली की दाब परत चढतो. समुद्र खवळलेला असेल तर हे रात्रभर चालतं. दाब ठरावीक मर्यादेच्या खाली गेला तर इंजिन आपोआप बंद होतं. दुसऱ्या बाजूला धूर बाहेर टाकायचा तो पाण्याखाली, म्हणजे इंजिनाला पाण्याच्या दाबाविरुद्ध श्वास सोडावा लागतो, आणि तो दाबही लाटेबरोबर बदलत राहतो. एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा ढकलणाऱ्या साध्या टर्बोचा यात जीव घुसमटतो. म्हणून पाणबुडीच्या बऱ्याच इंजिनांना वर्षानुवर्षं क्रँकवरून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून, फिरणारा यांत्रिक ब्लोअर दिला गेला.

त्यात भर हादऱ्यांची आणि आवाजाची. पाणसुरुंग किंवा टॉर्पेडो जवळ फुटला तर जहाजाचा सांगाडा खालून जो हादरा देतो, तो सहन करून इंजिन चालू राहिलं पाहिजे. आणि हे सगळं करताना शत्रूच्या सोनारला ऐकू जाता कामा नये. रुळांवर यातलं काय शिकायला मिळतं?

जुना_फोरमन

दर्यावर्दी साहेब, स्नॉर्टचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. पण आता रेल्वेच्या दुरुस्ती शेडची बाजू ऐका.

जहाजाचं इंजिन बंदर सोडलं की दिवसेंदिवस एकाच फेऱ्यांवर चालतं. लोकोच्या इंजिनाला ते सुख नाही. पहिला नॉच (शक्तीची पायरी), चौथा, आठवा, सिग्नल लाल म्हणून परत आयडल (नुसतं रिकामं फिरणं), पुन्हा आठवा. दर वेळी पिस्टन, हेड (सिलिंडरचं झाकण), लायनर (सिलिंडरचं अस्तर) तापतात आणि निवतात. धातूला खरा मार या तापण्या-निवण्याचा बसतो. मग तासन् तास नुसतं आयडलवर उभं राहायचं. त्यात इंधन अर्धवट जळतं, काजळी धरते, तेल धुराड्याकडे सरकतं. थंड देशांत तर हिवाळ्यात लोको रात्रभर चालूच ठेवत. पाण्यात अँटिफ्रीझ घालायची सोय नव्हती, कारण ते गळून ल्यूब ऑइलमध्ये मिसळलं की बेअरिंगांची वाट लागते.

नॉच वाढवला की काळा धूर का येतो, हेही यातलंच. इंधन लगेच वाढतं, पण टर्बो फिरायला एक्झॉस्टचा जोर लागतो आणि तो मागाहून येतो. तेवढा वेळ हवा कमी पडते. ईएमडीने, म्हणजे जनरल मोटर्सच्या लोको विभागाने, यावर जो तोडगा काढला तो मला फार आवडतो. त्यांचं इंजिन टू-स्ट्रोक. त्याला बाहेरून हवा ढकलल्याशिवाय ते चालूच शकत नाही, म्हणजे कमी नॉचवरही टर्बो फिरायला हवाच. त्यांनी टर्बोला क्रँककडून गिअर दिले आणि मध्ये एकाच दिशेने पकडणारा क्लच बसवला. खालच्या नॉचवर इंजिन टर्बोला फिरवतं. एक्झॉस्टमध्ये पुरेसा जोर आला की टर्बो गिअरच्या पुढे पळतो, क्लच सुटतो आणि इंजिनावरचं ते ओझं जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमच्या इंजिनाशेजारी चोवीस तास माणूस उभा असतो. हात लावून बघतो, कान देतो, गेज लिहून ठेवतो. आमचं इंजिन बंद दारांआड, ड्रायव्हर पुढे केबिनमध्ये, डोळे सिग्नलवर. काही बिघडलं तर कळतं ते बहुतेक वेळा अलार्म वाजल्यावरच.

क्रँककेस

दोघांच्या भांडणात एक साक्षीदार आणतो: फेअरबँक्स-मॉर्स ३८डी ८-१/८.

एका सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन, वर एक क्रँक आणि खाली एक क्रँक. सिलिंडर हेड नाही, व्हॉल्व्ह नाहीत, त्यामुळे गळायला आणि तडकायला जागाच कमी. महायुद्धातल्या अमेरिकी पाणबुड्यांत अशी चार-चार इंजिनं असत, प्रत्येकी १,६०० अश्वशक्तीची. खलाशांचा या इंजिनावर फार जीव होता.

१९४४ पासून कंपनीने तेच इंजिन लोकोत घातलं. १९५३ चा 'ट्रेन मास्टर' १२ सिलिंडरचा, २,४०० अश्वशक्तीचा, आणि त्या काळी एका इंजिनाच्या लोकोंत तो सगळ्यात ताकदवान. पण शेडवाल्यांनी हात टेकले. पिस्टन किंवा लायनर बदलायचा म्हणजे वरचा अख्खा क्रँक उचलायचा. त्याच वेळी ईएमडीच्या इंजिनात हेड, लायनर, पिस्टन आणि रॉड ही 'पॉवर असेंब्ली' एकत्र वर ओढून नवी खाली सोडता येत होती. रेल्वेने निकाल दिला आणि फेअरबँक्सने लोको बांधणंच सोडलं.

पण हेच इंजिन पुढे अणुपाणबुड्यांत आणि अणुवीज केंद्रांत आणीबाणीचा जनरेटर म्हणून दशकानुदशकं टिकलं. सोव्हिएत रशियाने याच रचनेवर डी१०० बेतलं, आणि टीई३ लोको ते घेऊन देशभर धावले. त्यामुळे हे इंजिन वाईट होतं असं म्हणायला जीभ धजत नाही.

लोहचक्र

@क्रँककेस, नेमकं उदाहरण दिलंत. पण दर्यावर्दींच्या मुद्द्याला उत्तर म्हणून दुसरी बाजूही सांगतो. त्याच युद्धात अमेरिकेच्या काही पाणबुड्यांत हूवन-ओवेन्स-रेंट्शलर कंपनीची इंजिनं होती, मान कंपनीच्या जर्मन रचनेवर बेतलेली. डबल-अॅक्टिंग, म्हणजे पिस्टनच्या दोन्ही बाजूंना स्फोट. कागदावर लहान जागेत मोठी ताकद. प्रत्यक्षात ती इतकी मोडत की युद्ध चालू असताना काढून दुसरी बसवावी लागली. या इंजिनांनी कधी रूळ पाहिला नव्हता. ज्या दोन घराण्यांवर नौदलाने शेवटी भिस्त ठेवली, त्यांतलं जनरल मोटर्सचं घराणं रेल्वेबरोबरच वाढलेलं होतं.

दर्यावर्दी

आणि फेअरबँक्सचं घराणं नौदलात गाजून रेल्वेत आपटलं! म्हणजे हिशेब बरोबरीत सुटला.

एक फरक कोणी मांडला नाही तो मांडतो, थंडाव्याचा. चांगल्या डिझेलमध्ये इंधनाच्या उष्णतेपैकी साधारण ४० टक्क्यांचं काम होतं. बाकीची एक्झॉस्टमधून, पाण्यातून, तेलातून बाहेर काढावी लागते. जहाजाखाली समुद्र आहे, कितीही उष्णता द्या. खारं पाणी उष्मा-विनिमयकातून फिरवायचं, आतलं गोडं पाणी थंड ठेवायचं. गंज सांभाळा, जस्ताचे तुकडे वेळेवर बदला, की झालं. फेअरबँक्ससारख्या इंजिनाला हे वातावरण मानवलं. लोकोला रेडिएटर आणि पंखे, आणि हवा मिळेल तशी. तिथे मी फोरमन साहेबांना मानतो.

जुना_फोरमन

मिळेल तशी, अगदी खरं. सदर्न पॅसिफिक या अमेरिकी रेल्वेची गोष्ट याचा उत्तम नमुना आहे. सिएरा नेवाडातले त्यांचे बोगदे आणि बर्फापासून बचावाच्या लांबलचक लाकडी शेड. पुढच्या लोकोंचा गरम धूर छताला साठायचा आणि मागच्या लोकोंचे रेडिएटर वरून तीच हवा ओढायचे. इंजिनं तापून पडायची, तीही चढावर, जिथे शक्ती सगळ्यात जास्त हवी. शेवटी १९७० च्या दशकात ईएमडीने त्यांना खास लोको बांधून दिले, एसडी४५टी-२ आणि एसडी४०टी-२. हवा ओढायची जाळी वरून काढून खाली, चालण्याच्या फळीच्या पातळीवर आणली. बोगद्यात खालची हवा गार असते, एवढंच त्यामागचं तर्कशास्त्र. इंजिन तेच, जाळीची जागा बदलली आणि काम झालं.

क्रँककेस

नौदलातून रेल्वेत आलेलं आणखी एक नाव घेतल्याशिवाय हा धागा पुरा कसा होणार? नेपियर डेल्टिक.

त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर तीन क्रँक, तीन बाजूंना सिलिंडर, प्रत्येकात समोरासमोर दोन पिस्टन. १८ सिलिंडर, ३६ पिस्टन. तिन्ही क्रँक एकाच दिशेने फिरवले तर पिस्टनांची वेळ जुळत नाही. एक क्रँक उलट फिरवला की कोडं सुटतं. ब्रिटिश नौदलाच्या वेगवान गस्ती बोटींसाठी आणि सुरुंग काढणाऱ्या जहाजांसाठी हे बनलं. अॅल्युमिनियम भरपूर असल्यामुळे चुंबकीय सुरुंगाला चेतवण्याचा धोका कमी, हा त्याचा मोठा गुण.

१९६१-६२ मध्ये ब्रिटिश रेल्वेने २२ डेल्टिक लोको घेतले. प्रत्येकात दोन इंजिनं, मिळून ३,३०० अश्वशक्ती. बोटीत जे इंजिन थोड्या वेळासाठी २,५०० अश्वशक्ती द्यायचं, ते रेल्वेत १,६५० वर आणलं. ही घट मला फार बोलकी वाटते. बोटीला काही तासांची झेप हवी असते, रेल्वेला रोज लंडन-एडिनबर्ग. शेडमध्ये इंजिन दुरुस्त करायच्या भानगडीत ते पडतच नसत, अख्खं इंजिन उचलून दुसरं बसवत आणि जुनं कारखान्यात पाठवत. आयडलवर तेल धुराड्याकडे सरकतं हे वर फोरमन साहेबांनी सांगितलंच आहे, इथे ते साठून एक्झॉस्टला आग लागायची. १९८२ च्या सुरुवातीला ती निवृत्त झाली, पण त्या आवाजाचे भक्त आजही आहेत आणि मी त्यांतला एक.

रशियन एम५०३ हे असंच टोकाचं इंजिन: ताऱ्याच्या आकारात सात रांगा, प्रत्येकीत सहा, एकूण ४२ सिलिंडर, ४,००० अश्वशक्ती. ओसा वर्गाच्या क्षेपणास्त्र नौकेत अशी तीन. १९७१ च्या डिसेंबरात कराचीवर हल्ला करणाऱ्या भारतीय नौका याच वर्गातल्या. मोठ्या दुरुस्तीआधीचं आयुष्य मात्र शेकड्यांत मोजायचे तास. ते रेल्वेत कधी आलं नाही आणि येऊही शकलं नसतं.

लोहचक्र

डेल्टिकनंतर त्याच मार्गावर काय आलं तेही बघा. एचएसटी या वेगवान गाड्या, पॅक्समन व्हॅलेंटा इंजिनाच्या, दर टोकाला २,२५० अश्वशक्ती. तेच व्हॅलेंटा घराणं ब्रिटनच्या अपहोल्डर पाणबुड्यांत आणि टाइप २३ फ्रिगेटच्या जनरेटरांत. पुढे एचएसटीतली व्हॅलेंटा काढून एमटीयू या जर्मन कंपनीची ४००० बसवली. टाइप २३ मध्येही व्हॅलेंटाच्या जागी एमटीयू ४००० च आली. रेल्वे आणि नौदल दोघांनी स्वतंत्रपणे जुनं तेच काढलं आणि नवं तेच निवडलं. माझ्या मूळ मुद्द्याला याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

एमटीयूचंच जुनं ९५६ घ्या. १२ सिलिंडरी प्रकार जर्मन रेल्वेच्या २१८ वर्गाच्या लोकोत, १६ सिलिंडरी प्रकार जर्मन नौदलाच्या १४३ वर्गाच्या हल्ला नौकांत. बोअर (सिलिंडरचा व्यास) २३० मिमी, स्ट्रोकही (पिस्टनची धाव) २३०. स्ट्रोक २८० केला की झालं ११६३, जे पुढे कितीतरी फ्रिगेटांत बसलं.

दर्यावर्दी

टाइप २३ काढलंत म्हणून सांगतो. तिथे चारपैकी दोन जनरेटर पाण्याच्या पातळीच्या वर बसवलेत. कारण पाणबुडीचा माग काढताना जहाज विजेच्या मोटरवर हळू चालतं आणि इंजिनाची धडधड पाण्यात उतरू द्यायची नसते. इंजिन रबरी पायांवर, पाय एका चौकटीवर, चौकट पुन्हा रबरी पायांवर, वरून आवाज कोंडणारी पेटी. इंजिन रेल्वेने तावून सुलाखून दिलं असेल, मान्य. पण त्याला युद्धनौकेत राहण्यालायक बनवणारं हे सगळं काम नौदलाचं आहे, आणि किमतीत आणि कष्टात ते इंजिनापेक्षा कमी नाही.

लोहचक्र

हे मात्र मी पूर्ण मान्य करतो.

नवशिकी

खूप शिकायला मिळालं. जहाज आणि लोको यांच्या अगदी मधोमध बसेल असं काही आहे का?

क्रँककेस

बर्फ फोडणारं जहाज. पंखा बर्फात अडकला की फेऱ्या शून्य आणि जोर मात्र पूर्ण हवा, अगदी गाडी हलवताना लागतो तसा. म्हणून तिथेही डिझेल-इलेक्ट्रिक. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या 'पोलर स्टार'वर सहा अल्को २५१ आहेत, १६ सिलिंडरी, प्रत्येकी ३,००० अश्वशक्ती. शिवाय तीन गॅस टर्बाइन आहेत, पण ती जाड बर्फासाठी राखून ठेवलेली, कारण त्यांना इंधन फार लागतं.

आणि अल्को २५१ म्हणजे कोण? वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून बनलेल्या भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ लोकोचं इंजिन. अमेरिकेतल्या अल्कोने १९६९ मध्ये लोको बांधणं थांबवलं, पण इंजिन जगलं. अपोलो चांद्रमोहिमांचं सॅटर्न-५ रॉकेट उड्डाणाच्या जागेपर्यंत नेणाऱ्या नासाच्या महाकाय क्रॉलरलाही वीज देणारी मुख्य इंजिनं हीच, १६ सिलिंडरी, प्रत्येकी २,७५० अश्वशक्तीची.

नवशिकी

शेवटची शंका, फोरमनकाका. एवढं मोठं इंजिन चालू कसं करतात? किल्ली फिरवून नक्कीच नाही!

जुना_फोरमन

जहाजात साधारण ३० बार दाबाची हवा सिलिंडरमध्ये सोडून. जुन्या लोकोत बॅटरीची वीज जनरेटरला उलटी देतात, तो मोटर बनून इंजिन फिरवतो. नव्यांत वेगळे स्टार्टरही असतात.

पण चालू करण्याआधीचं काम महत्त्वाचं. इंजिन बराच वेळ बंद असेल तर आधी सगळ्या सिलिंडरचे टेस्ट कॉक (छोट्या तोट्या) उघडायचे आणि बारने क्रँक हाताने दोन फेरे फिरवायचा. हेड किंवा लायनर गळत असेल तर आत पाणी साठलेलं असतं, ते कॉकमधून पिचकारीसारखं बाहेर येतं. पाणी दाबलं जात नाही. तसंच स्टार्ट मारलं तर रॉड वाकतो, हेड उडतं. ईएमडी असेल तर एअर बॉक्सची (सिलिंडरभोवतीच्या हवेच्या पेटीची) झाकणंही काढून बॅटरीच्या उजेडात लायनरच्या खिडक्यांतून पिस्टन आणि रिंगा बघून घ्यायच्या. रिंगेची कड चकचकीत आणि सुटी हवी, दाबली की हलली पाहिजे. काळी पडून खाचेत घट्ट बसलेली दिसली तर तो सिलिंडर तिथेच लिहून ठेवायचा आणि लोको लाइनवर सोडायचा नाही.